धुई

आमच्या बैठकीच्या खोलीत मी काढलेला एकच फोटो लावलेला आहे. येणारा प्रत्येक जण त्याच्यासमोर जरा थबकतो, जवळ जाऊन बघतो आणि मग विचारतो, "हे नक्की काय आहे?" राखाडी रंगाच्या तीन-चार छटा. खाली पाण्याची असावी अशी एक फिकट पट्टी. मधे काही उभ्या रेषा. कुणाला ते लव्हाळ्याचे दांडे वाटतात, कुणाला कुंपणाचे खांब. आईने पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिने चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा पाहिलं. ते क्रौंच पक्षी आहेत. चौदा. त्यांच्या मागे आणखी होते, पण ते मला फक्त ऐकू आले.

याहून कितीतरी स्पष्ट फोटो माझ्याकडे आहेत. खंड्याच्या चोचीतला मासा, त्या माशाचे खवले, खवल्यावरून ओघळणारा थेंब, इतके स्पष्ट. ते सगळे हार्ड डिस्कवर आहेत आणि भिंतीवर हा आहे. असं का, हे बरेच दिवस मला स्वतःलाही सांगता येत नव्हतं. आता थोडं थोडं जमतंय, म्हणून लिहून ठेवते.

मी नाशिकला एका शाळेत गणित शिकवते. कॅमेरा बारा वर्षांपूर्वी घेतला, एका सहकाऱ्याने वापरलेला, अर्ध्या किमतीत. लेन्स मात्र पै पै जमवून नवी घेतली, सहाशे मिलिमीटरपर्यंत जाणारी. तेव्हापासून ऑक्टोबर ते फेब्रुवारी, जमेल तो प्रत्येक रविवार नांदूरमधमेश्वरच्या पक्षी अभयारण्याचा. पहाटे साडेचारला निघायचं. थर्मासमध्ये चहा, डब्यात दशम्या, आणि शेजारच्या सीटवर आईने जुन्या गोधडीच्या तुकड्यांची शिवून दिलेली पिशवी, आत मटकी भरलेली. गाडीच्या खिडकीवर नाहीतर बांधावरच्या दगडावर ती ठेवायची आणि तिच्यावर लेन्स टेकवायची. विकतच्या कुठल्याही स्टँडपेक्षा मला ती बरी वाटते. मटकी लेन्सच्या वजनाने हळूच सरकते आणि लेन्सला कुशीत घेते.

निफाड ओलांडलं की काच खाली केल्यावर हवेतला फरक लगेच कळतो. निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. दर हिवाळ्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा कुठवर उतरला याची बातमी येतेच. पण मला ओढ असते ती त्या कडाक्याच्या थंडीच्या आधीच्या दिवसांची. पाऊस पुरता गेलेला, आकाश धुतल्यासारखं, दिवाळी होऊन आठ-पंधरा दिवस झालेले, दुपारी अजून ऊन चटकतं आणि पहाटे मात्र अंगावर शाल लागते. शरद सरत आलेला असतो आणि हेमंत अजून पुरता बसलेला नसतो. त्या दोन-तीन आठवड्यांत तिथे जी पहाट होते ती वर्षभरात पुन्हा होत नाही.

नांदूरमधमेश्वरला गोदावरीला कादवा येऊन मिळते. तिथे गेल्या शतकाच्या सुरुवातीला सिंचनासाठी दगडी बंधारा बांधला गेला. त्याने पाणी अडलं आणि पाण्याबरोबर आलेला गाळही अडला. शंभर वर्षं दर पावसाळ्यात नदी सह्याद्रीच्या उतारावरची माती आणत राहिली आणि बंधाऱ्यामागे टाकत राहिली. साठवण कमी झाली. उंचवटे तयार झाले, बेटं झाली, गुडघाभर पाण्याचे लांबरुंद पसारे झाले, त्यांत पाणवनस्पती वाढल्या, आणि त्यांच्यामागून पक्षी आले. १९८६ साली अभयारण्य जाहीर झालं आणि जानेवारी २०२० मध्ये ही महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली. राजस्थानातल्या पक्षी अभयारण्यावरून लोक त्याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात. मला ते रुचत नाही. नांदूरला नांदूरच म्हणावं. कुठल्याही गावाची ओळख दुसऱ्या गावावरून का करून द्यायची?

आणि नाशिककराला तर ते परकं वाटूच नये. पावसाळ्यात रामकुंडापाशी पूर आला की आम्ही सगळे एकच गोष्ट विचारतो, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. ते पाणी मारुतीला भिजवून पुढे निघतं आणि काही तासांत नांदूरच्या बंधाऱ्यावरून उड्या घेत जायकवाडीकडे जातं. आपण बातमीत फक्त किती क्युसेक विसर्ग झाला ते वाचतो. ऑक्टोबरमध्ये मी तिथे जाते तेव्हा त्याच पुराने टाकलेला ताजा, लोण्यासारखा गाळ उन्हात चमकत असतो आणि त्याच्यावर चिखल्यांच्या, तुतवारांच्या पावलांची नक्षी उमटलेली असते.

पहिले येतात ती बदकं. भुवई, तलवार, थापट्या, नंतर चक्रवाकांच्या जोड्या. वारकरी तर इतके की पाणी काळं दिसतं. काळाभोर पक्षी आणि कपाळावर पांढरा टिळा. ज्याने कुणी या पक्ष्याला हे नाव दिलं त्याचे मला दरवेळी पाय धरावेसे वाटतात. कार्तिकीच्या दिवसांतच त्यांची गर्दी वाढत जाते. बरोबर याच दिवसांत, ५ ते १२ नोव्हेंबर, राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो. ५ नोव्हेंबर ही मारुती चितमपल्लींची जन्मतारीख आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींची. चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. त्यानंतरच्या पक्षी सप्ताहात मी अभयारण्यातल्या चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावर उभी होते आणि पाण्याकडे बघत मनातल्या मनात पक्ष्यांची मराठी नावं एकामागून एक म्हणत होते. दुसरी कुठली श्रद्धांजली मला सुचली नाही.

पहिली सात-आठ वर्षं मी जे फोटो काढले ते सगळे डोळ्यांचे होते. पक्षीछायाचित्रणात पहिला धडा हाच मिळतो: डोळा फोकसमध्ये हवा, डोळ्यात प्रकाशाचा ठिपका हवा, मागची पार्श्वभूमी लोण्यासारखी विरघळलेली हवी. धडा चुकीचा नाही. पण मी त्याच्यापुढे गेलेच नाही. पक्षी चौकटभर. चौकटीत पाणी नको, गाळ नको, जलपर्णी नको, मागची वीजवाहिनी तर नकोच नको. सहाशेची लेन्स हे सगळं कापून टाकते आणि पक्षी उचलून तुमच्या हातात आणून ठेवते. रविवारी रात्री ते फोटो मोठे करून बघताना मला खरंच असं वाटायचं, की या पक्ष्याला माझ्याइतकं जवळून कुणी पाहिलं नसेल.

मग तो डिसेंबर आला.

पट्टकादंबांचा थवा गाळाच्या एका बेटावर बसला होता. पंचवीस-तीस असतील. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूने दोन काळे पट्टे. हा पक्षी तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. सात हजार मीटरहून जास्त उंचीवर त्यांचं उड्डाण नोंदलं गेलं आहे. तिथे आपल्याला चार पावलं टाकायची तर धाप लागते आणि हे पंख मारत असतात, कारण त्यांचं रक्त विरळ हवेतलाही प्राणवायू घट्ट धरून ठेवतं. हे सगळं मी वर्गात मुलांना सांगितलेलं होतं. तरी त्या सकाळी मी काय केलं? काठाकाठाने वाकून पुढे सरकत राहिले. दहा पावलं, थांब. दहा पावलं, थांब. एका पक्ष्याची मान वर झाली. मी थांबले. मान खाली गेली नाही. आणखी दोन माना वर झाल्या. आता मला माहीत आहे की ती वाक्यं असतात. पक्षी बोलत असतो: एवढं पुरे, याच्या पुढे नको. मी आणखी पाच पावलं गेले.

सगळा थवा एकदम उठला. कॅमेरा सेकंदाला सात-आठ चित्रं घेत खटखटत राहिला. त्यातलं एक फार सुंदर निघालं. पंख पूर्ण पसरलेले, पिसन् पीस वेगळं, आणि डोळा अगदी काटेकोर फोकसमध्ये. ज्यांना दाखवला त्या सगळ्यांनी वाखाणला. मी तो मोठा करून बघितला तेव्हा मात्र माझ्या पोटात खड्डा पडला. त्या डोळ्यात भीती होती आणि ती माझी होती, म्हणजे मी दिलेली.

बरोबर असलेला गाइड गावातलाच मुलगा. पक्ष्यांची नावं मराठीत, इंग्रजीत आणि गावातल्या बोलीत सांगणारा. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "ताई, सकाळपासून चौथ्यांदा उठले ते." मी गणिताची शिक्षिका. चार हा आकडा घेऊन घरी आले. हिवाळाभर खाऊन त्यांना अंगावर चरबी धरायची असते, वसंतात पुन्हा तोच हिमालय ओलांडायला. एका उठण्यात किती खर्च होतो? आठवड्याच्या सात सकाळी, दर सकाळी चार वेळा? पक्ष्याच्या भोवती एक अंतर असतं, त्याचं स्वतःचं, अंगणासारखं. मी हौसेपायी कुंपण ओलांडून त्याच्या अंगणात शिरले होते. लेन्सने मला ते अंतर नाहीच असं भासवलं आणि माझे पाय त्या भासावर विश्वास ठेवून चालले.

तो फोटो मी पुसला नाही. कुणाला दाखवतही नाही.

पुढचे दोन हिवाळे मी बरेचसे फोटो गाडीतूनच काढले, नाहीतर मनोऱ्यावरून. आणि त्याच काळात मला धुक्याची ओळख झाली. तोवर धुकं म्हणजे वाया गेलेला रविवार. पहाटे पोहोचायचं आणि समोर पांढरा पडदा. लेन्स पुढेमागे होत राहते, तिला धरायला कडाच सापडत नाही. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून चालतं. धुक्याचा उजेड त्याला जास्त वाटतो आणि कॅमेरा चित्र काळवंडून टाकतो. नऊ वाजता धुकं विरेपर्यंत ऊन तापलेलं असतं आणि पाण्यावरची हवा थरथरायला लागते. मी चडफडत चहा पीत बसायचे.

गाइडनेच एकदा मला गाडीतून उतरवून बांधाच्या कडेला बसवलं. "कॅमेरा राहू द्या ताई. आधी ऐका."

ऐकायला बसले आणि बघायलाही शिकले. एकाच सकाळी तिथे दोन प्रकारचं धुकं असतं. एक शेतावरचं. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, रात्रभर जमिनीतली ऊब वर निघून जाते, जमिनीलगतची हवा गारठते आणि तिच्यातला ओलावा बारीक थेंब होऊन तरंगतो. ते सपाट असतं, चादर अंथरल्यासारखं. दुसरं पाण्यावरचं. पाणी जमिनीइतक्या लवकर निवत नाही. दिवसभराची ऊब ते धरून ठेवतं. त्याच्यावर गार हवा आली की पाण्यातून वाफ उठते आणि लगेच दिसायला लागते. ते उभं असतं. दोरे निघतात, एकमेकांत गुंततात, सरकतात. पाणी श्वास घेत असल्यासारखं. सूर्य वर आला की एखाद मिनिट सगळं केशरी होतं आणि नंतर दोन्ही धुकी एकमेकांत मिसळून जातात.

त्यात जांभळ्या पाणकोंबड्यांचं ओरखडल्यासारखं ओरडणं. वारकऱ्यांचं पाण्यावर पळणं, चपचपचप, आणि मग थांबणं. बदकांचे पंख डोक्यावरून गेल्याचा शीळ घातल्यासारखा आवाज, आणि बदक मात्र कुठे नाही. एकदा बांधावरून एक कोल्हा आला. माझ्यापासून वीसेक पावलांवर थांबला, नाक वर केलं, आणि आला तसाच धुक्यात शिरला. मी फोटो काढला नाही. काढायचं सुचलंच नाही. घरी आल्यावर त्याचं मला वाईटही वाटलं नाही, आणि हे माझ्यासाठी नवीन होतं.

हळूहळू फोटोही बदलले. मीटर सांगेल त्याच्या एक स्टॉप वर, म्हणजे दुप्पट, उजेड घ्यायचा, की धुकं पांढरं राहतं. फोकस हाताने लावायचा. लेन्स सहाशेवर न ठेवता मागे आणायची, दोनशेवर, कधी त्याहून कमी. चौकटीत पाणी येऊ द्यायचं, बाभळीची वाकडी फांदी येऊ द्यायची, मासेमाराचा रोवलेला बांबू आणि त्याच्यावरचा पाणकावळा येऊ द्यायचा. पक्षी लहान होत गेला आणि जागा मोठी होत गेली. लेन्सने जे अंतर खाऊन टाकलं होतं ते धुक्याने परत दिलं. त्या पांढऱ्या पडद्यापुढे माझी लेन्स कितीही मोठी असली तरी काही उपयोगाची नव्हती. पक्षी जिथे होता तिथेच राहत होता, आणि मी माझ्या जागी.

त्याच सुमारास मला ते काका भेटले. पाण्याच्या कडेला, बांधापलीकडे त्यांची द्राक्षबाग. धुकं अगदी दाटलेलं आणि मी भारावलेली. बागेच्या तोंडाशी ट्रॅक्टर उभा होता, ते औषध फवारायच्या ब्लोअरच्या टाकीत पाणी ओतत होते. मी न राहवून म्हटलं, "काका, काय सुंदर धुकं पडलंय ना!"

त्यांनी हातातली कळशी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"मॅडम, ही धुई आम्हाला खाती."

आणि त्यांनी मला बागेत नेलं. दसऱ्याच्या अलीकडे-पलीकडे द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी होते. त्यानंतर महिना-दीड महिन्याने, म्हणजे बरोबर याच दिवसांत, वेल फुलोऱ्यात असतो. घड म्हणजे हिरव्या टाचणीच्या टोकांएवढ्या कळ्यांचा गुच्छ. त्याच्यावर रात्रभर दहिवर बसलं, पान सकाळी उशिरापर्यंत ओलं राहिलं, की डावणी येते. त्यांनी एक पान उलटं करून दाखवलं. खालच्या बाजूला पांढरी बुरशी, कापसासारखी. पानावर आली तर निभावता येतं. घडावर आली तर तो घड जातो, आणि घड गेला की ते वर्ष गेलं. म्हणून धुई पडली की पहाटे उठून मोकळा ब्लोअर फिरवायचा, नुसत्या हवेने घडावरचं पाणी झाडून काढायचं, मग औषध. डिझेल, औषध, मजूर, सगळं उधारीवर. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या अवकाळीने नाशिक जिल्ह्यातल्या कितीतरी बागा अशाच फुलोऱ्यात झोपवल्या. त्यांचीही त्यात होती. त्या वर्षी त्यांनी मुलीचं लग्न पुढे ढकललं. हे त्यांनी पानावरून बोट फिरवता फिरवता सांगितलं.

माझ्या गळ्यात कॅमेरा होता. तो मला फार जड झाला.

मी शनिवारी रात्री झोपताना मनात म्हणते, उद्या धुकं पडू दे. बांधाच्या पलीकडे, मी जिथे मटकीची पिशवी ठेवून बसते तिथून दोनशे पावलांवर, एक माणूस त्याच रात्री देवापुढे दिवा लावून नेमकं उलटं मागत असतो. ज्याला मी शरदाची शोभा म्हणते ती त्यांच्या खर्चाच्या वहीत एक ओळ असते. मला यातून वाट सापडलेली नाही. धुकं माझ्या मागण्याने पडत नाही आणि त्यांच्या मागण्याने टळत नाही हे खरं, पण तेवढ्याने मनाचं समाधान होत नाही. बागेत फवारलेलं औषध पावसाबरोबर याच पाण्यात उतरत असणार, ही काळजीही मी त्यांच्यापाशी बोलून दाखवली. त्यांनी ती नाकारली नाही. म्हणाले, "मलाही दिसतंय. पण घड वाळला तर ब्यांक थांबती का?" आणि थोड्या वेळाने, "तुमचे ते उंच पक्षी आमचा हरभरा खातात, ते माहिती ना तुम्हाला?"

ते उंच पक्षी म्हणजे क्रौंच. थंडी सुरू झाली की येतात, दिवसभर आजूबाजूच्या शेतांत चरतात आणि रात्री उथळ पाण्यात उभे राहून झोपतात. कोल्ह्या-बिबट्याला जवळ यायचं तर पाणी वाजतं. निफाड तालुक्यात उसात बिबट्या असतो हे लहान पोरालाही माहीत आहे, तर क्रौंचाला नसेल? फार सावध पक्षी. मला इतक्या वर्षांत त्यांचा एकही जवळून फोटो मिळाला नव्हता.

माझ्या भिंतीवरची सकाळ त्या संवादानंतरच्या वर्षातली. त्रिपुरी पौर्णिमा होऊन दोन-तीन दिवस झाले होते. चंद्र पश्चिमेला अजून वर होता, पण धुक्यात त्याचा नुसता एक उजळ डाग दिसत होता. मी आणि गाइड काठापासून बरंच आत, बाभळीखाली बसलो होतो. सहा वाजून गेले. झुंजूमुंजू झालं म्हणजे काय, तर काळ्याचं राखाडी झालं, एवढंच. अंगावरची शाल ओली झाली होती. लेन्सच्या तोंडावर दर दोन मिनिटांनी मलमलचं फडकं फिरवत होते.

आणि मग तो आवाज आला. तुतारीसारखा म्हणावा तर त्याहून मऊ, घोगरा, आणि शेवटाला किंचित वर वळणारा. एकाने दिला, दुसऱ्याने पाठोपाठ. क्रौंचाची श्वासनलिका त्याच्या एवढ्या उंच मानेतही मावत नाही. ती छातीच्या हाडाच्या आत शिरून तिथे वेटोळं घेऊन बसलेली असते. म्हणून तो आवाज इतका खोल आणि इतका लांब जाणारा. दिसेनासं झाल्यावर एकमेकांना धरून ठेवण्यासाठीच जणू तो घडवलेला आहे. एरवी उजाडताच ते शेतांकडे निघतात. त्या दिवशी धुक्यामुळे खोळंबले होते आणि एकमेकांना विचारत होते: आहेस? आहे. तू? आहे.

मी कॅमेरा डोळ्याला लावला नाही. कितीतरी वेळ. ते कुठे आहेत हे कळत होतं, किती आहेत याचा अंदाज येत होता, आणि त्यांना आमचा पत्ता नव्हता किंवा असला तरी त्याची पर्वा नव्हती. एकही मान आमच्यासाठी वर होत नव्हती. मग पूर्वेकडून किंचित हलली हवा. पडदा फाटला नाही, फक्त पातळ झाला. उभ्या रेषा दिसल्या. एक वाकली, पुन्हा सरळ झाली. तेव्हा मी दाबलं. एकदाच. गाइडने माझ्याकडे वळून पाहिलं, बस एवढंच, अशा नजरेने. पुढच्या मिनिटाला ते उठले. आमच्यामुळे नव्हे, त्यांची वेळ झाली म्हणून. पंखांचा आवाज आमच्या डोक्यावरून गेला, हरभऱ्याच्या शेतांकडे. वर पाहिलं तर पांढरं.

डोळा दिसत नाही या फोटोत. चोचसुद्धा धड दिसत नाही. पण त्यांचं अंगण पूर्ण दिसतं.

फोटोची एक प्रत गाइडला दिली आणि एक काकांना. त्यांच्या हातात ठेवताना मला संकोच वाटत होता, कारण ज्या धुईने तो फोटो झाला तीच धुई त्या दिवशी त्यांच्या बागेवरही होती. त्यांनी फोटो ओट्यावर उजेडात नेला. घरातले सगळे जमले. त्यांनी क्रौंचांकडे पाहिलं, मान हलवली, आणि मग त्यांचं बोट डाव्या कोपऱ्यात गेलं. तिथे राखाडीत एक जरा गडद चौकोनी ठिपका आहे. मी तो झाडाचा समजत होते. छापायच्या आधी तो कापून टाकावा का असंही माझ्या मनात येऊन गेलं होतं.

"ही आमची मोटारीची खोली," ते म्हणाले. "आन् ही तिरकी रेघ दिसती ना, हा आमचा बांध. म्हातारीने लावलेली शेवरी इथं व्हती." त्यांच्या बायकोने पदर सावरून वाकून पाहिलं आणि म्हणाली, "व्हय की. आपलंच हाय." मला इतके दिवस जे नुसतं धुकं दिसत होतं त्यात त्यांना एकामागून एक गोष्टी दिसत गेल्या, विहिरीचं तोंड, आंब्याचा शेंडा, शेजाऱ्याचा कांद्याचा वाफा. माझा फोटो मला त्या ओट्यावर पहिल्यांदा पूर्ण दिसला.

मागच्या कार्तिकात एका रविवारी पहाटे चारला फोन वाजला. इतक्या अवेळी फोन म्हटल्यावर काळजात धस्स झालं. पलीकडे काका.

"मॅडम, धुई उतरलीय. लई दाट. मी ब्लोअर घेऊन निघालो. तुम्ही या."

सव्वासहाला मी त्यांच्या बांधावर होते. बाग दिसत नव्हती. ट्रॅक्टरचे दोन दिवे धुक्यात पिवळे, विरघळलेले, ओळीच्या टोकाला वळले, नाहीसे झाले, पुन्हा आले. ब्लोअरचा घरघराट आणि त्या हवेने वेलींवरून झडणाऱ्या पाण्याचा सडा. मी कॅमेरा बाहेर काढला, उजेड एक स्टॉप वर घेतला आणि ओळीच्या तोंडाशी उभी राहिले. दिवे माझ्यासमोर येऊन थांबले. काकांनी डोक्याचा ओला टॉवेल सोडला, चेहरा पुसला, आणि इंजिन बंद केलं.

एकदम सगळं शांत झालं. पानांवरून थेंब पडत होते.

"ऐका," त्यांनी पाण्याच्या दिशेला हात केला.

लांबून, खालून, तो आवाज आला. पाठोपाठ दुसरा. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो, ते ट्रॅक्टरवर, मी खाली. मग त्यांनी टॉवेल पुन्हा बांधला आणि चावी फिरवली.